पासवर्ड आमच्याकडेच राहू दे

माझा मुलगा कुंदन फोन उचलत नाही. सगळ्यांचाच उचलत नाही असं नाही. नवीन गिऱ्हाईक असलं की दुसऱ्या रिंगला "बोला साहेब" म्हणतो. मशीन विकून झालं की त्याच माणसाचा फोन टेबलावर थरथरत सरकत राहतो आणि हा तिकडे बघतसुद्धा नाही. मी एकदा विचारलं, "कोणाचा आहे रे?" तर म्हणाला, "जुना आहे, आई. जाणार कुठे तो?"

तेव्हा मला पोराच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं. आता त्या कौतुकाची लाज वाटते, म्हणून तुमच्यापुढे मांडते.

आमचं दुकान नाशिकला, दिंडोरी रोडवर. कॉम्प्युटर, बिलाची मशिनं, स्टिकर छापायचे प्रिंटर आणि त्यांत चालणारं सॉफ्टवेअर कुंदन मोठ्या कंपन्यांकडून आणतो आणि मेडिकलवाले, किराणावाले, शेडवाले अशा लहान धंदेवाल्यांना बसवून देतो. मी तिसरीपर्यंत शिकले. पंचवीस वर्षं मखमलाबादच्या मळ्यातल्या फुलांचे हार बाजारात बसून विकले, त्यातून हा गाळा झाला. म्हणून काउंटरवर माझी खुर्ची आहे आणि ती हलवायची कोणाची टाप नाही. सून शुभांगी कॉम्प्युटर शिकलेली. मशिनं बसवायला तीच जाते.

दुकानाची एक रीत होती. सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाच्या नावावर नोंदवायचं, पण मोबाइल नंबर कुंदनचा द्यायचा. काहीही बदलायचं झालं की ओटीपी कुंदनच्या फोनवर येणार. पासवर्डही त्याच्याचपाशी. शुभांगी कुरकुरायची, "त्यांचं त्यांना देऊन टाका." मी तिला चारचौघांत बोलले आहे, "नवऱ्याच्या दुकानात उभी राहून गिऱ्हाइकाची वकिली करतेस होय?" आणि गिऱ्हाइकाला मीच सांगायचे, "पासवर्ड आमच्याकडेच राहू दे गं बाई, तुझ्याकडून हरवेल." माझे पांढरे केस बघून बाया मान हलवायच्या.

गेल्या फेब्रुवारीत, द्राक्षांच्या ऐन हंगामात, पिंपळगाव बसवंतची साधना दुपारी एकला दुकानात आली. तिची लहानशी शेड आहे. वीस बाया द्राक्षं निवडून पेट्या भरतात. माल कोणाच्या बागेतला, कुठल्या दिवशी भरला, याचं स्टिकर प्रत्येक पेटीवर लागतं. त्याशिवाय तिचा मुंबईचा व्यापारी पेटी घेत नाही. मशीन आणि सॉफ्टवेअर दोन्ही आमचंच.

"कुंदनभाऊ, काल दुपारपासून फोन लावतेय," ती दारातूनच म्हणाली. "कॉम्प्युटर चालू केला की 'विक्रेत्याशी संपर्क करा' एवढंच येतंय. चारला गाडी येणार. सहाशे पेट्या स्टिकरविना पडल्यात."

कुंदनने मान वर केली नाही. "नवीन प्रिंटर कुठून घेतला, ताई?"

"ओझरहून. तुमचा बंद पडला, तुम्ही दुरुस्तीला दहा दिवस सांगितले. द्राक्ष दहा दिवस थांबतं का?"

"मग ओझरवाल्यालाच विचारा ना. बाहेरचं मशीन जोडलं की सिस्टीम आपोआप बंद होते."

"आपोआप नाही होत," मागून शुभांगी म्हणाली. "काल तिथे बाहेरचा प्रिंटर जोडलेला दिसला, म्हणून तुम्ही इथे बसून बंद केलंत. मी बघितलं."

साधनाने कुंदनकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे वळली. "मावशी, माझी नणंद नको म्हणत होती. तुम्ही सांगितलं म्हणून मी नंबर यांचा दिला."

माझी जीभ आधी चालते, डोकं मागून येतं. "मग मी बंद केलं का तुझं मशीन?" मी म्हणाले. "दुसऱ्याच्या दारात जाताना आम्हाला विचारलं होतंस?"

शुभांगी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "आई, तुम्ही बाजारात हार विकायचात. विकलेल्या हाराचा दोरा हातात धरून कधी गिऱ्हाइकाच्या मागे गेलात? त्याने पुढच्या वेळी शेजारणीकडून हार घेतला, म्हणून त्याच्या देवावरचा हार ओढून काढलात?"

मी कुंदनला म्हणाले, "उघडून दे."

"तुला यातलं कळत नाही, आई. हिचं उघडलं तर उद्या सगळे ओझरला जातील." मग तो साधनाकडे बघून गोड हसला. "ताई, आपला प्रिंटर घेऊन जा. जोडला की लगेच चालू करतो."

साधनाने घड्याळ पाहिलं. नको असलेला प्रिंटर घेतला. शुभांगी तिच्यासोबत पिंपळगावला गेली. मी खुर्चीत बसून राहिले. उठून पोराच्या हातातला फोन हिसकावता आला असता. बसून राहिले.

पाचच्या सुमाराला शुभांगीचा फोन आला. पोहोचून प्रिंटर जोडेपर्यंत पावणेतीन झाले होते. सव्वादोनशे पेट्यांना स्टिकर लागलं, गाडीवाला थांबला नाही. बाकीच्या पेट्या शेडमध्ये तशाच. मुंबईच्या व्यापाऱ्याने उद्यापासून दुसऱ्या शेडचा माल घेतो म्हणून कळवलं होतं.

"साधना काय म्हणाली?" मी विचारलं.

"आपल्याला काहीच नाही म्हणाल्या, आई. बायांना घरी पाठवताना म्हणाल्या, नाशिकच्या मावशीवर विश्वास ठेवला, ती चूक माझी. उद्या काम असेल की नाही सांगता येत नाही."

बाजारात मला लोकांनी तोंडावर भांडकुदळ म्हटलंय, कजाग म्हटलंय, मी पदर खोचून उत्तर दिलंय. साधनाने मला शिवी दिली नव्हती, खरं सांगितलं होतं.

वाचणाऱ्या भावाबहिणींनो, मशीन कोणाकडूनही घ्या, पण नोंद स्वतःच्या नंबरवर करून घ्या, समोर कितीही पांढऱ्या केसांची म्हातारी बसलेली असो. आणि विकणाऱ्यांनो, एकदा विकलं की हात सोडा. समोरच्याला कळत नाही म्हणून तो तुमच्यावर सोपवतो. त्याच्या न कळण्यावर धंदा बांधणं ही हुशारी नाही, हा दगा आहे. मी तिसरी पास, आणि मला हे कळायला तीनशे पंचाहत्तर पेट्या लागल्या.

फोन ठेवला तर कुंदन समोर हसत होता. "बघ आई, प्रिंटर खपला की नाही?"

मी खुर्चीतून उठले.

"प्रिंटर खपला नाही, कुंदन. तू एका बाईला कोंडून तिच्याकडून खंडणी घेतलीस, आणि मी दारात बसून तुझी राखण केली. शुभांगीचं खरं होतं, हे मी तुझ्यादेखत म्हणते आणि ती आली की तिलाही म्हणेन. उद्या सकाळी तू पिंपळगावला जायचं, त्या वीस बायांसमोर साधनाची माफी मागायची, आणि मग तिच्या व्यापाऱ्याच्या दारात उभं राहून चूक तुझी होती असं सांगायचं. तोवर शुभांगी एकेक गिऱ्हाईक त्याच्या स्वतःच्या नंबरवर करून देईल. त्यानंतर जे आपल्याकडे राहील, तेवढंच आपलं. आणि एकही राहिलं नाही, तर समज की आपलं कधी दुकान नव्हतंच. आपण नुसतं लोकांच्या दाराला कुलूप लावून बसलो होतो."