कॉफी आधी आली

"गास्पारे पिऊन आला होता!" चार वर्षांपूर्वी मालक राव्यास्कोने अख्ख्या कारखान्यासमोर ठणकावून सांगितलं होतं. यंत्राखाली ज्याचा हात चिरडला, त्या माणसाबद्दल! यंत्रापुढचं जाळीचं दार काम भराभर व्हावं म्हणून मालकानेच काढायला लावलं होतं, मेल्याने. गास्पारेने जन्मात थेंबाला तोंड लावलं नव्हतं. तरी इटलीतल्या तोरिनोजवळच्या त्या गावात पुढे तो बेवडा म्हणूनच मेला. त्याची बायको एर्मेलिंदा मात्र मालकाच्याच स्वयंपाकघरात राबत राहिली. डूख धरून.

शर्यतीत गाडी उतरवायची तर तशाच पाचशे गाड्या लोकांना विकायला बनवायच्या, असा नियम. राव्यास्कोने बनवल्या दोनशे साठ. मिलानोहून आलेल्या तपासनीस ब्रुझाफेरोंनी सकाळी पुढच्या अंगणात त्या मोजल्या. बाकीच्या म्हणे नदीकाठच्या शेडमध्ये होत्या. जेवण चालू असताना ह्याच गाड्या मागच्या वाटेने तिकडे जाणार होत्या, दुसऱ्यांदा मोजल्या जायला.

"एर्मेलिंदा, तीन तास जेवण लांबव," मालक कुजबुजला. "मी खूण केल्याशिवाय कॉफी आणायची नाही. कळलं?"

"चांगलंच कळलं, मालक."

तिने लोणच्यातल्या मिरच्या वाढल्या, मग आन्योलोत्ती, सारण भरलेला पास्ता. ब्रुझाफेरोंची ताटली रिकामी झाली. मालक आता भाजलेल्या मांसाची वाट बघत होता. एर्मेलिंदाने कॉफी आणून ठेवली.

मालकाचा चेहरा पडला. कॉफी आली की जेवण संपलं, मग पाहुण्याला कोण बसवून ठेवणार? ब्रुझाफेरोंनी एका घोटात कप संपवला, रुमाल घडी करून ठेवला आणि ते उठले.

"बसा हो साहेब, अजून मांस आहे, पनीर आहे..."

"नको, कामं आहेत. जरा मागच्या वाटेने शेडकडे चालत जाऊ."

मागच्या वाटेवर लाल गाड्यांची रांग लागली होती. तपासनीस दिसताच सगळे चालक जागच्या जागी थांबले. एर्मेलिंदाही हात पुसत मागोमाग आली होती.

मालक तिच्यावर खेकसला, "शुद्धीवर आहेस का? प्यायलीस की काय?"

एर्मेलिंदा तडक ब्रुझाफेरोंसमोर जाऊन उभी राहिली. "साहेब, माझ्या तोंडाचा वास घ्या. ह्याने माझ्या नवऱ्यालाही बेवडा ठरवलं होतं."

ब्रुझाफेरो जरा गोंधळले, पण वाकले. "कॉफीचा वास येतोय," ते म्हणाले, आणि वहीत दोनशे साठ लिहून त्यांनी खाली सही केली.

पहिल्या गाडीतला म्हातारा चालक खाली उतरला. त्याने टोपी काढली.

"गास्पारेही प्यायला नव्हता, मालक," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मी शेजारीच उभा होतो."