जातं नसलेल्या घरातली हळद

रूपालीने महिनाभर आधीच सांगून ठेवलं होतं, "हळदीला डीजे आणला तर मी पाटावर बसणार नाही. पप्पांची बेस वाजली पाहिजे."

पप्पांना, म्हणजे लोटननानांना, आणखी काय हवं होतं! पस्तीस वर्षांपूर्वी भुसावळच्या एका रेल्वे ड्रायव्हरकडून त्यांनी ती लाल बेस गिटार घेतली होती. जळगाव, धुळे, दोंडाईचा, जिथं मांडव तिथं नाना आणि नानांच्या गळ्यात बेस. पुढे ऑर्केस्ट्रा मोडला, माणसं पांगली. बेस पिंप्राळ्याच्या घरात भिंतीवर राहिली. नानांच्या मनगटाने घासून घासून तिचा लाल रंग एका जागी उडाला होता. पट्टा अजून जुन्या राजदूत मोटारसायकलच्या सीटच्या रेक्झिनचा. रूपाली तान्ही असताना रडायला लागली की नाना तिचा इवलासा पंजा गिटारीच्या लाकडावर ठेवायचे आणि सगळ्यांत जाड तार छेडायचे. लाकूड थरथरलं की पोर गप्प. डोळे मोठ्ठे करून ऐकत राहायची, हाताने.

हळद दुपारी चारला. ढोलकीवाला बन्सीलाल, ऑर्केस्ट्रातला जुना दोस्त, सकाळच्या गाडीने दोंडाईच्याहून येऊन बसला होता. साडेबाराला नाना बेस काढायला आतल्या खोलीत गेले आणि दारातच थबकले.

बेस पिवळीधमक! मानेपासून खालपर्यंत तेल-हळदीची पाचही बोटं ओढलेली, वर कुंकू, खुंट्यांना आंब्याची पानं. नानांनी तार छेडली. धप्प. ओल्या गोणपाटावर काठी मारावी तसा आवाज.

"अक्काऽऽ!"

ताईबाई अक्का, नानांची थोरली बहीण, हात पुसत आली. हात पिवळेच होते.

"काय झायं रे बोंबलाले?"

"हे काय केलंस तू?"

"हयद लाई. नवरीना आधी जाताले हयद लावतस, माहीत नही का तुले? तुन्हा घरमा जातं शे का?"

"नाही."

"मंग? हाई घर कोणी पोसं? ह्याच लाकूडनी ना? तेच तुन्हं जातं." अक्काचा आवाज जरा उतरला. "काय चुकनं मन्हं?"

अक्काचं काय चुकलं, ते नानांनाही सांगता येईना. तिच्या लेखी तिने मान दिला होता, आणि मान दिलेली वस्तू फडक्याने खसाखसा पुसायची तरी कशी? पण तारांच्या वेढ्यावेढ्यात तेल शिरलं होतं. नव्या तारा मुंबईहून मागवाव्या लागतात, आणि हातात होते साडेतीन तास.

"बन्सी," नाना एकदम म्हणाले, "उकळू या."

बन्सीलालचे डोळे चमकले. ऑर्केस्ट्राच्या दिवसांत नव्या तारा परवडायच्या कुठे! मळल्या की पातेल्यात टाकायच्या, सोडा घालून उकळायच्या, पुसायच्या, पुन्हा चढवायच्या. धुळ्याच्या एका लग्नात तर त्यांनी चहाच्याच पातेल्यात उकळल्या होत्या आणि वरातीतली माणसं चहा पिऊन म्हणाली होती, मसाला छान शे.

मांडवामागे वना आचारी बट्ट्या तळत होता.

"वना, एक चूल दे. आणि खायचा सोडा."

"नाना, वरणाला उशीर होईल!"

"वरण थांबेल. नवरी थांबणार नाही."

चारही तारांची वेटोळी उकळत्या पाण्यात गेली आणि पाणी पिवळं झालं. बायका गोळा झाल्या. वनाने झारा घालून एक तार वर उचलली.

"नाना, शेवया जरा जाडच झाल्या."

"तू खाऊन बघ, तोंडाला कुलूप बसेल," बन्सीलाल म्हणाला आणि सगळा मांडव हसला. अक्का तेवढी हसली नाही. ती चुलीपाशी उकिडवी बसून पाण्याकडे बघत राहिली.

तारा पुसल्या, उन्हात वाळवल्या. साडेतीनला नाना चढवायला बसले. जाड तार बसली. दुसरी बसली. तिसरीही. चौथी, सगळ्यांत बारीक, खुंटी पिळता पिळता कट्‌कन तुटली.

रूपाली हिरव्या साडीत दारात उभी होती. तिने तुटलेली तार पाहिली, मग बापाचं तोंड. "पप्पा, राहू द्या ना. तुम्ही नुसते शेजारी बसा."

"पाटावर बस तू," नाना म्हणाले. "तीन आहेत अजून."

अ‍ॅम्पची वायर जोडली. नानांनी जाड तार छेडली आणि मांडवातल्या स्टीलच्या ताटल्या किणकिणल्या. आवाज आला होता! जुना, खोल, पोटातून उठणारा.

पण वाजवायचं काय? ऑर्केस्ट्रातल्या चाली बारीक तारेवर चढायच्या, आणि तीच नव्हती. बन्सीलालची थाप हवेतच थांबली. तेवढ्यात मागून अक्काचा चिरका, पण पक्का सूर आला. जात्यावर हळद दळतानाची ओवी. जात्याविना.

*दयता दयता हयद, जातं घरघर फिरे,*
*मन्ही लेकना अंगवर सोनानं ऊन झिरे.*

नानांची बोटं आपोआप खाली उतरली. जाड तार, मधली तार, पुन्हा जाड तार. घर्रर्र, घुम्म, घर्रर्र. ओवीला वर चढायचंच नव्हतं. तिला फिरायचं होतं, एका जागी, जात्याच्या मधल्या खिळ्याभोवती. बायकांनी दुसरी ओळ उचलली, बन्सीलालची ढोलकी धावत आली, आणि वना झारा हातात घेऊन मांडवात नाचायला उतरला.

"दय रे, लोटन, दय!" अक्का ओरडली. "जाडी नको धरू, बारीक दय!"

"बारीक तर तुटली, अक्का!"

"मंग जाडीच दय!"

हळद लागलेली रूपाली पाटावरून वाकली. तिने पिवळा ओला पंजा बेसच्या लाकडावर टेकवला, रंग उडालेल्या जागेशेजारी, आणि डोळे मोठ्ठे करून ऐकत राहिली.

नानांनी तेवढ्या तारा त्या ओल्या पंजापासून जपल्या. बाकी हात थांबवला नाही.