चौथा स्क्रू

मी एक जुना कूलर आहे, मित्रांनो. पाणी भरून खोली गार करणारा नव्हे. त्या बडबड्याशी माझी गल्लत करू नका. मी कॉम्प्युटरच्या डब्यात प्रोसेसरच्या डोक्यावर बसतो. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा हिशोबी मेंदू. काम करताना तो तापतो. त्याची उष्णता माझ्या पातळ पात्यांनी ओढून घ्यायची आणि पाठीवरच्या पंख्याने बाहेर घालवायची, हे माझं काम.

मी स्वभावाने संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. कारखान्यात मी अजून गरम असतानाच माझ्याबरोबर चार स्क्रूंची पुडी दिली, तेव्हा मी ते दोनदा मोजले होते. प्रत्येकाच्या गळ्यात एक छोटी स्प्रिंग. या चौघांनी चार कोपऱ्यांतून मला दाबून धरायचं. एक जरी फितूर झाला तरी माझी बैठक उचलली जाणार आणि खाली प्रोसेसर भाजून निघणार. ज्याचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या भरवशावर, त्याने संशय घेऊ नये तर काय करावं? त्यात माझी एक अडचण आहे. मी गरम असेपर्यंतच जागा असतो. पूर्ण गार पडलो की मला गाढ झोप लागते आणि त्या वेळात कोण येऊन काय करून जातं, ते मला कळत नाही.

आमच्या घरची सून अंध मुलांच्या शाळेसाठी पुस्तकं मोठ्याने वाचते आणि कॉम्प्युटरवर त्यांचं रेकॉर्डिंग करते. मी नवा होतो तेव्हा ती म्हणायची, "किती शांत चालतो हा! वाचताना घरघर म्हणून नाही." ते ऐकून माझी पाती सुखावत. पुढे कौतुक थांबलं, पात्यांत धूळ साठली आणि मी आत आहे हेच सगळे विसरले. आठवण ठेवली ती एकट्या सासऱ्यांनी. त्यांनी जन्मभर सायकली दुरुस्त केल्या होत्या आणि आता ते घरीच असत. रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला की पिवळ्या फडक्याने ते डबा बाहेरून पुसत आणि विचारत, "काय रे, दमलास का?" त्या घरात माझा विश्वास होता तो फक्त त्यांच्यावर.

महिन्यापूर्वी दुरुस्तीवाली बाई येऊन मला साफ करून गेली. मी तेव्हा गार होतो. जागा झालो तो स्वच्छ होऊनच. तरीही माझ्या मनात पाल चुकचुकली. इतकं साळसूद काम करून गेलेल्या माणसाचं काय खरं?

आणि एका बुधवारी सकाळी माझा संशय खरा ठरला, असं मला वाटलं. सुनेने बटण दाबलं, मला जाग आली, तर एक कोपरा उचललेला! कुठून तरी उग्र, अनोळखी वास येत होता. प्रोसेसर तापू लागला. पंखा जीव तोडून फिरला. दहा मिनिटांत कॉम्प्युटर आपोआप बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

सुनेने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. सोमवारी मुलांची परीक्षा होती. शास्त्राचे शेवटचे चार धडे वाचायचे राहिले होते, आणि ते कानांनी ऐकल्याशिवाय त्या मुलांना अभ्यासाचा दुसरा मार्ग नव्हता.

"त्या बाईनेच घोळ घातलाय," ती म्हणाली. "तिच्याशिवाय डबा उघडलाय कोणी?"

मी मनात म्हटलं, अगदी बरोबर! सुनेने तिथल्या तिथे शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन लावला. शाळेतले सगळे कॉम्प्युटर तीच बाई सांभाळत होती. "सर, तिच्या हातात काही देऊ नका. माझं मशीन बिघडवून ठेवलंय तिने."

सासरे दारात उभे होते. फोन संपताच ते मागच्या मागे आत गेले. त्या दिवशी त्यांनी डबाही पुसला नव्हता. जगावर संशय घेणारा मी, पण ही गोष्ट माझ्या नजरेतून निसटली.

दुपारी दुरुस्तीवाली आली. तिने डबा उघडून यंत्र चालवलं, माझा ताप बघितला आणि वीज काढली. मी अजून चांगलाच गरम होतो, म्हणून पुढचं सगळं मला कळलं. तिने एकेक स्क्रू बोटाने चाचपला. चौथ्याचं डोकं अलगद तिच्या चिमटीत आलं.

"बघा!" सून म्हणाली. "तुम्हीच बसवला होता ना?"

"बसवला होता ताई. पण अख्खा."

तिने ते डोकं नाकाशी नेलं. तोच उग्र वास. सायकलचं पंक्चर काढताना रबराला लावतात, त्या सोल्युशनचा. तिने हळूच सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी हात पाठीमागे घेतले.

आता ही सगळं बोलून दाखवणार, असं मला वाटलं. पण ती एवढंच म्हणाली, "काका, जरा मदत कराल? चारही नवे घालू. एक तुटला म्हणजे बाकीच्यांवरही ताण आलेला असणार."

राहिलेले तीन स्क्रू काढून तिने मला उचललं. तुटक्या स्क्रूचं टोक थोडं वर राहिलं होतं, ते पकडीने धरून फिरवून काढलं. प्रोसेसरची उष्णता माझ्यापर्यंत पोचवणारी आधीची पेस्ट पुसली, प्रोसेसरवर नव्या पेस्टचा छोटा ठिपका ठेवला आणि मला जागेवर बसवून स्क्रू ड्रायव्हर सासऱ्यांच्या हाती दिला. त्यांनी पहिलाच स्क्रू जोर लावून पिळायला घेतला.

"एकच पूर्ण नाही हं काका. थोडा हा, मग तिरका समोरचा, मग उरलेले दोन, मग पुन्हा थोडा. चाकाच्या तारा ताणता ना, तसं. आणि जिथे थांबेल तिथे थांबायचं. स्प्रिंगमुळे डोकं जरा हलतं, पण तो ढिला नसतो."

"ढिला नसतो?" सासऱ्यांचा हात जागीच थांबला.

मग ते सुनेकडे वळले. "सूनबाई, हिला बोल लावू नकोस. आज सकाळी तू उठायच्या आधी मी डबा उघडला. आतून पुसावा म्हटलं. स्क्रू बोटाखाली हलला. मला वाटलं, हिने ढिलाच ठेवलाय. म्हणून पिळला, तर कट्‌कन तुटला. मग दिला चिकटवून. चाळीस वर्षं चाकं सरळ केली मी, एक तार कधी एकदम ताणली नाही. इथे मात्र अक्कल गहाण टाकली. आणि तू फोन करत होतीस तेव्हा तोंड उघडायची लाज वाटली."

"कसला फोन?" दुरुस्तीवालीने विचारलं.

"शाळेत केला होता," सून पुटपुटली. दुरुस्तीवालीला सगळं कळलं, आणि तिचा चेहरा उतरला. मला, मित्रांनो, माझीच शरम वाटली. ज्या हातांवर मी विश्वास टाकला होता त्यांनीच मला मोडलं होतं, आणि जिच्यावर मी डूख धरला ती मला जोडत होती.

सुनेने फोन उचलला. "सर, सकाळी मी बोलले ते साफ चूक होतं. बिघाड आमच्या घरात झाला. शाळेचे कॉम्प्युटर त्यांच्याच हाती राहू द्या." दुरुस्तीवाली मान खाली घालून उभी होती. तिने ओढणीने डोळे टिपले आणि म्हणाली, "काका, थांबलात का? अजून दोन पीळ बाकी आहेत."

चारही धडे शुक्रवारी शाळेत पोचले. रेकॉर्डिंगमध्ये माझी घरघर कुठेही नाही.

मित्रांनो, यंत्रांना जपा, धूळ साठू देऊ नका, हे तर मी सांगणारच. पण आणखी एक मागणं आहे. काही हलतंय असं वाटलं तर पिळण्याआधी विचारा. आणि तुमच्या हातून तुटलं तर चिकटवून ठेवू नका, सांगून टाका. मधल्या वेळात भलत्याच माणसावर खापर फुटतं.

सासरे अजूनही रोज सकाळी डबा पुसतात, फक्त बाहेरून. आणि त्या दिवशी नव्या स्क्रूंनी मला धरलं, तेव्हा मी ते एकदाच मोजले.