बालवाडीच्या दारात राहिलेली चप्पल

मित्रांनो, मी एक जुनी चप्पल आहे. एक म्हणते खरी, पण आम्ही दोघी आहोत. दुसरीला बोलायचा कंटाळा, म्हणून दोघींच्या वतीने मीच सांगते. माझा तळ ट्रकच्या टायरचा. तो टायर मुंबई-आग्रा रस्त्यावर पळून पळून गुळगुळीत झाला, तेव्हा धुळ्यात झिपरूनाना नावाच्या कारागिराने तो कापला आणि त्याला पट्टे ठोकले. लोक म्हणाले, "काय नवी कोरी चप्पल!" मी मात्र जन्मतःच दमलेली होते.

द्रौपदाबाईला मी तिच्या भावाने घेऊन दिली. ती जळगावला डाळमिलमध्ये डाळ निवडायला जायची. टायरचा तळ झिजत नाही म्हणून माझे फार कौतुक झाले. कौतुक झाले की काम वाढते, हे मला तेव्हाच कळले. नळ, बाजार, दळण, मिल, सगळीकडे मीच. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात डांबर. विसाव्याची जागा एकच, मिलच्या ओसरीबाहेर. डाळ निवडायला बसताना चपला बाहेर काढाव्या लागत. तिथे मी दिवसभर पडून असे.

द्रौपदाबाईची मुलगी बेबा. तिला सांभाळणारी शेजारची म्हातारी सत्त्याऐंशी साली आपल्या गावी परत गेली, म्हणून संक्रांतीनंतर बेबाला वस्तीतल्या बालवाडीत घातले. अहो, काय तो आकांत! बेबाने आईचा पदर धरला तो सोडेचना. पुष्पाबाई तिथल्या बाई. त्यांनी गाणी म्हटली, चिंध्यांची बाहुली दिली, फुटाणे दिले. बेबाने फुटाणे खाल्ले आणि पुन्हा भोकाड पसरले. इकडे मिलचा भोंगा होऊन गेलेला. मुकादमाने द्रौपदाबाईला सुनावले, "लेकरू सांभाळायचं असेल तर घरी बस. तुझ्या जागी यायला बाया खूप आहेत." आणि ती जागा गेली असती, तर त्या घरात चूल पेटणे कठीण होते.

मग द्रौपदाबाईने एक युक्ती काढली. तिने बालवाडीच्या दारात मला काढून ठेवले आणि बेबाला म्हणाली, "देख, मन्या चपला आठेच शेतस. मी कोठे जासू?" बेबा माझ्याकडे बघत आत बसली. मायच्या चपला इथेच दारात आहेत म्हणजे मायही इथेच कुठेतरी आहे, हे तिला पटले. द्रौपदाबाई भिंतीच्या कडेने अनवाणी निसटली. मिलमध्ये तरी चपला बाहेरच काढायच्या, मग इथे काढल्या तर काय बिघडले, असा तिचा हिशेब.

युक्ती लागू पडली. बेबा एक ओळ गायची, दाराकडे बघायची, मी दिसले की पुढची ओळ गायची. पुष्पाबाईंना हे आवडले नव्हते. त्या म्हणाल्या, "द्रौपदाबाई, सांगून जात जा हो. चार दिवस जास्त रडेल, पण सांगून जा."

"बाई, तितला वखत कोठे शे?" द्रौपदाबाई म्हणाली आणि निघाली.

मला कोणी विचारले नाही. चपलेला कोण विचारतो? पण चालून येतो त्यापेक्षा जास्त थकवा त्या दारात नुसते पडून यायचा. ते इवलेसे डोळे सारखे माझ्यावर असत, आणि माझ्याजवळ त्यांना द्यायला काहीच नव्हते.

होळी झाली. आपल्या जळगावचे ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. एका सकाळी बेबाने ओल्या मातीची एक वाकडीतिकडी भाकर केली आणि ती मायला दाखवायला बाहेर आली. भिंतीमागे पाहिले, नळावर पाहिले, लिंबाखाली पाहिले. माय कुठेच नव्हती. बेबा परत आली आणि माझ्याशेजारी बसून राहिली. पुष्पाबाईंनी बोलावले तरी उठली नाही. हातातली भाकर वाळून तडकली. ती रडत होती तेव्हा परवडत होते, मित्रांनो. तिचे ते गप्प बसणे मला सहन होईना.

दुपारच्या सुट्टीत द्रौपदाबाई तिला घरी न्यायला आली. तापल्या डांबरावरून ती उड्या मारत, सावल्या शोधत येत होती. दारातल्या रांजणाचे पाणी तिने तळपायांवर ओतले. बेबा ते पाय बघत होती.

"माय, तू कोठे गयथी?"

द्रौपदाबाईला खोटे सुचले नाही. "कामले गयथी, मिलमा," ती म्हणाली.

मग मात्र बेबाने जो टाहो फोडला, तो घरापर्यंत थांबला नाही. दुसऱ्या दिवशी ती दारातून आत जाईना. द्रौपदाबाईला उशीर झाला आणि मुकादमाने सांगून टाकले, उद्या उशीर झाला तर येऊच नको.

तो उद्या उजाडला. द्रौपदाबाईने सवयीने मला दारात काढले आणि बेबाला आत बसवले. ती भिंतीकडे सरकली, तशी बेबा उठली. आता पदर धरणार, असे आम्हा सर्वांना वाटले. पण तिने आम्हा दोघींना छातीशी धरून उचलले आणि मायच्या पायांपुढे ठेवले. डावीच्या जागी उजवी.

"घाल माय. पाय भाजतस."

द्रौपदाबाई उभीच राहिली. मग खाली बसली, बेबाचे तोंड पुसले आणि निघण्याआधी पहिल्यांदाच खरे सांगितले. "मी कामले जास. दुपारले इसू."

बेबाने मान हलवली. आम्ही निघालो. वळणापर्यंत पोचलो असू, तेवढ्यात मागून रडणे ऐकू आले. द्रौपदाबाई थबकली. तिच्या टाचा माझ्यात रुतल्या. वाटले, ही आता मागे फिरणार. पण दुपारी येते असे ती सांगून आली होती. डोळे पुसून तिने पाऊल उचलले, आणि त्या दिवशी मी जन्मात पहिल्यांदा न कुरकुरता चालले.

आता माझे पट्टे तुटले आहेत, तळाला भोक आहे. मला कोपऱ्यात टाकले आहे. माझी तक्रार नाही, मला झोप हवी आहे. तुमच्या घरातले लहान भावंड बालवाडीत जायला लागले, तर त्याची नजर चुकवून पळू नका. त्याला सांगून निघा. ते रडेल. पण सांगितलेल्या वेळी परत या.