दिवसाचे दिवे

“ही चालू हाय का बंद?”

सहदेवने बॉनेटवर तळहात टेकवून विचारलं. थरथर नव्हती, ऊब नव्हती, आवाज तर नव्हताच.

“चालू हाय ना काका,” किशोर आतून म्हणाला.

“मग आधी बंद कर. चालू असून गप्प बसनाऱ्या वस्तूपुढं मी उभा ऱ्हात नाय.”

किशोर हसला. सहदेव हसला नाही. महाडला हायवेच्या कडेला त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. गाडीचं काय दुखतंय ते त्याला नुसतं ऐकून कळायचं. ही काही बोलतच नव्हती.

गाडी पांढरी, विजेवरची, नंबर मुंबईचा. किशोर पस्तिशीचा, पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतला, मुंबईत गोदामावर सुपरवायझर. त्याला पुढच्या बंपरात एलईडीच्या दोन पट्ट्या बसवून हव्या होत्या. भर उन्हातही, गाडी चालू असेपर्यंत पेटत्या राहणाऱ्या.

“कंपनीने नाय दिल्या?”

“खालच्या मॉडेलला देत नाय. वरच्याला हायत.”

“मग मुंबईत बसवायच्या. तिथं शंभर दुकानं.”

“टाइम नाय भेटला.”

“आन् आज भेटला?”

“आज गाडी घरी न्यायची हाय. लायटीशिवाय वर नाय नेनार.”

“आजपर्यंत कशी नेलीस?”

किशोरने मोबाइल काढला आणि त्यात बघू लागला.

न पटलेलं

दिवसा दिव्याची एवढी घाई. पैसे किती, हे एकदाही न विचारणं. दुकानात खुर्ची असताना गाडीला चिकटून उभं राहणं. आणि सहदेव बंपरासमोर वाकला की दर वेळी, “काका, च्या सांगू का?”

केशरी

बॉनेटखाली इंजिनाच्या जागी एक चकचकीत डबा आणि त्यातून निघालेल्या अंगठ्याएवढ्या जाड केशरी वायरी.

“केशरीला हात नका लावू हां काका. शोरूमवाला बोलला, मानूस जागच्या जागी...”

“मला शिकवू नको.”

पण हात त्याने मागे घेतला. बाजूला नेहमीची बारा व्होल्टची बॅटरी दिसली तेव्हा ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. आजवर असे दिवे तो सरळ बॅटरीवर जोडायचा. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर बॅटरी भरायला लागतो, व्होल्टेज चढतं, त्यावर दिवे आपोआप पेटतात. डोळे मिटूनही झालं असतं ते काम. त्याने लाल वायर बॅटरीला लावलीसुद्धा, आणि थांबला.

“ही घरी चार्जिंगला लावतोस तेव्हा ही छोटी बॅटरीपन भरते?”

“भरत असंल. का?”

“का म्हंजे! अंगनात उभी असताना, आत कोन नसताना डोळे उघडील ही.”

त्याने लाल वायर सोडवली, फ्यूजचा डबा उघडला आणि टेस्ट लॅम्प घेऊन एकेक फ्यूज तपासत बसला. गाडी चालू केल्यावरच जिवंत होतो तो फ्यूज सापडायला पाऊण तास गेला. सापडला तेव्हा वयाच्या बावन्नाव्या वर्षी तो स्वतःशीच शीळ घालत होता.

काळी

काळी वायर बॉडीला जोडतात. त्यासाठी बंपर सैल करावा लागला. करावा लागला नसता, तरी सहदेवचा हात बंपराखाली गेलाच असता. तो प्रत्येक गाडीच्या बंपराखाली जातो.

सत्तावीस वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ मुरारी वीर स्टेशनवरून सायकलीने दासगावला येत होता. सायकल सापडली, मुरारी सापडला, गाडी सापडली नाही. रस्त्यावर हेडलाइटच्या काचेचे तुकडे पडले होते. त्यातला एक, उभ्या रेघांचा, सहदेवने उचलला. तेव्हा तो एमआयडीसीत पॅकिंगला होता. ती नोकरी सोडून त्याने वायरिंग शिकायला सुरुवात केली. घरच्यांना वाटलं, पोराने भावाच्या दुःखाने डोकं फिरवून घेतलं. त्याचा हिशेब साधा होता. फुटलेला दिवा कुणीतरी, कुठल्यातरी दुकानात बदलला असणार. ती काच बदलणाऱ्याने पाहिलं असणार, आणि तो गप्प राहिला असणार. पुढच्या वेळी त्या जागी आपण असावं.

आता दिवे प्लास्टिकचे आले. काचेचा तुकडा ड्रॉवरमध्ये आहे. हाताची सवय मात्र राहिली.

बंपराच्या मागच्या खाचेत बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. सहदेवने ते ओढून काढलं. काळ्या लोकरीचा, मातीने वाळलेला गुंता.

“हे काय?”

किशोरचा चेहरा उतरला. “कुत्रा असंल काका. गनपतीत एक कुत्रा आडवा आला होता.”

“कुत्रा मेला?”

“नाय नाय! पळाला.”

सहदेवने गुंता चिमटीत चोळला. कुत्र्याचा केस असा पिळाचा नसतो. हा कुणीतरी कातलेला होता. त्याने तो शर्टाच्या खिशात टाकला आणि काम पुरं केलं. पट्ट्या पेटल्या. सवयीने त्याने ओलं फडकं घेऊन बंपर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुसला.

“चल. ट्रायल मारू.”

“हायवेला?”

“नाय. वर, तुझ्या घरापर्यंत. चढावर वायर हलते का बघायला पायजे.”

“त्याची काय गरज, काका...”

“मग काढू पट्ट्या?”

पिवळी

पिवळी वायर गाडी चालू झाल्याची खबर देते, बाकी काही करत नाही.

पोलादपूर मागे पडलं आणि वाडीचा चढ लागला. दोन्ही बाजूंनी गवत वाढून रस्ता एका गाडीपुरता उरला होता. गाडी चढत होती आणि काहीच ऐकू येत नव्हतं. वळणावर शेळ्या रस्त्यात बसलेल्या होत्या. एकीनेही कान हलवला नाही. किशोरने दहा हात आधी गाडी थांबवली, खाली उतरला, एकेक शेळी हाताने बाजूला केली. हॉर्न वाजवला नाही.

अंगणात नाचणी वाळत होती. किशोरचा बाप केरू ओट्यावर बसला होता, उजवा हात फडक्याने गळ्यात बांधलेला. आई बायजा दारातूनच म्हणाली, “आला गो बाय माझा!” आणि मागून उतरलेल्या अनोळखी माणसाला पाहून आत वळली.

केरूने सहदेवला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. “ह्यो कोन? पोलीस हाय का?”

“वायरमन हाय बाबा,” किशोर मोठ्याने म्हणाला. बापाला कमी ऐकू येत होतं. “लायटी लावल्या त्यांनी.”

“दिवसा?”

“हाताला काय झालं, केरूबाबा?” सहदेवने विचारलं.

“बांधावरनं पडलो.”

इतकं लगेच आलं ते, की सहदेवला उत्तर आधीपासून तयार असल्याचं कळलं. त्याची नजर भिंतीकडे गेली. खुंटीला काळी घोंगडी होती. खालची किनार हातभर फाटून लोंबत होती.

“कुठला बांध?”

“तुला काय करायचंय? तुज्या बापाचा हाय?”

किशोर गाडीकडे गेला. केरू तो लांब जाईपर्यंत थांबला आणि मग हळू आवाजात म्हणाला, “पाऊस होता. घोंगडी डोक्यावरनं घेतलेली. ती गाडी कुनाच्या बापाला तरी ऐकू येते का? पोरगं त्या दिसापासनं नीट जेवत नाय. वाडीत इचारतात. मी बांधावरनं पडलो म्हंजे पडलो.”

लाल

लायटी बघायच्याच, असा केरूने हट्टच धरला. तो सहदेवला घेऊन वळणावर जाऊन उभा राहिला आणि किशोरला खालून गाडी आणायला लावली. गवतातून आधी दोन पांढऱ्या रेघा दिसल्या, मग गाडी. आवाज शेवटपर्यंत नाही. केरू कडेला झाला.

“परत आन!” तो ओरडला. किशोर परत खाली गेला.

“दिसतंय का?” सहदेवने विचारलं.

“दिसतंय. पन माज्या पाठीला काय डोळे हायत?” केरूने थोडा विचार केला. “वळून बगत जाईन आता. पोरानं एवढं केलंय तर.”

गाडी तीनदा आली. तीनदा म्हातारा कडेला झाला, आणि तिसऱ्या वेळी त्याने काचेतून दिसणाऱ्या लेकाला डावा हात वर करून दाखवला, जसा एसटीला दाखवतात.

सहदेवने खिशातला गुंता काढून पुढे धरला. “बंपरात होतं. किशोर म्हनला, कुत्र्याचं.”

केरूने लोकर बोटांत फिरवली. स्वतःच्या मेंढ्यांची, स्वतः कातलेली. त्याने ती कनवटीला खोचली.

“कुत्र्याचंच,” म्हणाला.

सहदेव च्याला थांबला नाही. पायीच उतरायला लागला. सत्तावीस वर्षांपूर्वी कुठल्यातरी घरात, कुठल्यातरी ओट्यावर असंच कुणी म्हणालं असेल. दगड लागला. ढोर आडवं आलं. पोरगं जेवत नाय. केरूचा त्याला राग येईना, आणि राग येत नाही हेच त्याला पटेना.

उतारावर तो दर चार पावलांनी वळून बघत होता. पाचव्या की सहाव्यांदा वळला तेव्हा दोन पांढऱ्या रेघा अगदी जवळ आलेल्या होत्या. तो कडेला झाला.

“बसा ना काका,” किशोरने काच खाली केली. “स्टँडला सोडतो.”

“तू हो पुढं.”

गाडी त्याच्या शेजारून निघायला लागली. सहदेव सवयीप्रमाणे वाकला आणि त्याने पुढच्या बंपराकडे बघितलं. कुठे काही नव्हतं. तो त्यानेच पुसला होता.