सोडायचा हात

नीलांबरीचा जन्म मस्कतचा. एवढीच काय ती तिची कर्तबगारी, असं रेणूचं मनातल्या मनात ठाम म्हणणं होतं.

नीलांबरीचे वडील तिथे नोकरीला होते. बाळंतपणासाठी आईला मिरजेला धाडायचं ठरलेलं, पण विमानाचं तिकीट मिळालं नाही आणि कन्यारत्न तिथल्याच हॉस्पिटलात अवतरलं. वर्षभरात सगळं बिऱ्हाड मिरजेला परत. मस्कत म्हणून तिला काही आठवतसुद्धा नाही. पण ग्रीनकार्डाच्या रांगेत माणूस जन्मला कुठे एवढंच बघतात. भारतात जन्मलेल्यांची रांग मारुतीच्या शेपटीसारखी, आणि ओमानची रांग म्हणजे मोकळं अंगण. नीलांबरी त्या अंगणातून पलीकडे गेली, तिच्या जन्मगावाच्या पुण्याईवर तिचा नवराही गेला, आणि या ऑगस्टमध्ये हात वर करून शपथ घेऊन ती अमेरिकेची नागरिक झाली.

रेणूही मिरजेचीच, पण जन्मानंसुद्धा. दोघी एकाच वर्षी अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावात आल्या, एकाच कॉम्प्लेक्समध्ये राहिल्या. तिथल्या मराठी मंडळाच्या मंगळागौरीत फुगडीला यांची जोडी ठरलेली. रेणू अजून रांगेत होती.

शपथेचा फोटो ग्रुपवर आला तेव्हा तिनं तीन फुलं टाकली, ‘अभिनंदन गं!’ लिहिलं आणि फोन पालथा ठेवला. मग इथेच जन्मलेल्या लेकीला, अनिकाला दूध पाजताना तिच्या लक्षात आलं, की आपल्या घरात या देशाची नागरिक एकटी हीच, आणि ती अजून रात्री डायपर घालते.

तरी नीलांबरी तिला दारोदार घेऊन जायचीच. गावातल्या बायकांचा एक गट होता. निवडणूक जवळ आली की घरोघरी जाऊन बायकांना सांगायचं, मत द्या. कुणाला ते नाही सांगायचं, फक्त द्या.

“मला स्वतःला देता येत नाही, आणि मी लोकांना काय सांगू?” रेणू म्हणाली होती.

“अगं, वाढपी उपाशी असला म्हणून पंगत थांबते का?”

हे नीलांबरीनं हसत म्हटलं होतं. रेणूला ते लागलं. ती दारात नेहमी एक पायरी खाली, घरांच्या यादीची फाइल छातीशी धरून उभी राहायची. बोलायची ती नीलांबरी.

सप्टेंबरात एका दारात एका माणसानं गटातल्या आश्लेषाचं मनगट धरलं आणि तिला पायऱ्यांवरून खाली ओढलं. पुढच्याच आठवड्यात कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये गाद्या अंथरल्या गेल्या आणि दर शनिवारी सकाळी जुजुत्सूचा, म्हणजे स्वसंरक्षणाच्या जपानी डावांचा, क्लास सुरू झाला. शिकवणाऱ्या मिसेस ओकाडा गटाच्याही प्रमुख, सत्तरीच्या, अंगानं चिमणीएवढ्या. मराठी बायका पाठीमागे त्यांना ओकाडाकाकू म्हणायच्या.

“तुम्ही काही नवीन करत नाही आहात,” त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. “शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये मताचा हक्क मागणाऱ्या बायकांना पोलीस रस्त्यावर फरफटवत न्यायचे. तेव्हा त्या लांब झगे घालून हेच शिकल्या. समोरच्याचं वजन त्याच्यावरच कसं उलटवायचं ते.”

मग त्यांनी नियम सांगितला. दुखलं की जोडीदाराच्या अंगावर दोनदा टॅप करायचं, हलकी थाप मारायची. दोन टॅप झाले की त्या क्षणी सोडायचं. का, कशाला, विचारायचं नाही.

अनिका क्लासला बरोबर यायची आणि कोपऱ्यात बिस्किटं खात बसायची. तिनं हा नियम लगेच उचलला. वेणी ओढली गेली, दोन टॅप. बाबा सत्यजित गुदगुल्या थांबवेना, दोन टॅप. रात्री रेणू तिला कुशीत जरा जास्तच घट्ट धरायची तेव्हासुद्धा त्या मऊ तळव्याचे दोन टॅप पाठीवर पडत, आणि रेणू हसून हात सैल करी.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी नीलांबरी क्लासला आली ती टी-शर्टवर लाल स्टिकर मिरवत. मत देऊन आलेल्यांना मिळतं ते; इथे मतदान काही आठवडे आधीच सुरू होतं.

“काल लंचमध्ये जाऊन देऊन आले!” ती रेणूला म्हणाली. “काय सांगू यार, आई आठवली.”

“छान,” रेणू म्हणाली. आई कशाला आठवेल, तिकीट न मिळाल्याबद्दल?

त्या दिवशी मनगट पिरगळून समोरच्याला गुडघ्यावर आणायचा डाव होता. रेणूनं नीलांबरीचं मनगट धरलं, वळवलं. नीलांबरी खाली गेली. ते लाल स्टिकर रेणूच्या डोळ्यांसमोर आलं. नीलांबरीनं दोनदा टॅप केलं.

रेणूनं सोडलं नाही.

पुन्हा टॅप. “रेणू!”

एवढासाच वेळ गेला असेल, एक घोट गिळण्याइतका. पण त्या घोटात तिला फार बरं वाटलं. मग कोपऱ्यातून आवाज आला, “मम्मा, शी टॅप्ड! मावशी टॅप्ड!”

तिची पकड सुटली.

ओकाडाकाकू जवळ आल्या, त्यांनी नीलांबरीचं मनगट दाबून पाहिलं. आवाज चढवला नाही. “इथं टॅप हा शेवटचा शब्द. ज्याला तो ऐकू येत नाही त्यानं बाहेर बसायचं. उद्या दारोदार नीलांबरीबरोबर नैना जाईल.”

नैना म्हणजे इथेच जन्मलेली, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली पोर. जन्मतःच सगळं खिशात. ती लगेच बर्फाची पिशवी घेऊन धावली, आणि आपण केलेल्या दुखापतीवर दुसरं कुणी फुंकर घालतंय हेही रेणूला सहन होईना.

पंचाईत अशी, की येताना ती नीलांबरीच्याच गाडीतून आली होती. नीलांबरीला मूलबाळ नव्हतं, तरी तिच्या गाडीत अनिकाची सीट कायम बसवलेली असायची. एका हातानं गाडी चालवत निघाली ती.

“मी चालवू?”

“नको.”

दुसऱ्या सिग्नलला नीलांबरीनंच विचारलं.

“माझं काय चुकलं ते तरी सांगशील?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणून कुणी हात पिरगळत नाही, रेणू.”

“तू काहीच केलं नाहीस. तेच तर!” रेणूचा आवाज फुटला. “काही न करता तुला मिळालं. तुझ्या आईला तिकीट मिळालं नाही म्हणून तुला मिळालं! आणि मी काय केलं? मिरजेत जन्मले!”

“मग मी काय करू? मस्कतला जाऊन पुन्हा पोटात शिरू?”

रेणूला रडता रडता हसू आलं, आणि त्याचाच राग आला.

“खरं सांगू?” नीलांबरी रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. “देता आलं असतं तरी मी तुला माझं दिलं नसतं. मला आवडतं ते. आणि तुझ्यासमोर आनंद करायची मला चोरी झालीय.” मग जरा थांबून, “फुगडीत तू कधी हात सोडला नाहीस म्हणून मी तुझ्याबरोबरच घालते. इथं सोडायचा होता गं.”

मागे अनिका झोपली होती.

रविवारी सकाळी खाली हॉर्न वाजला. मनगटाला पट्टी बांधलेली नीलांबरी गाडीच्या खिडकीतून ओरडली, “हात तू मुरगळलास, आता फाइल तूच धर. आणि आज त्या तळ्याकाठच्या गल्लीत आपल्याच काकू आहेत सगळ्या. नैनाला मराठी येत नाही. चल!”

रेणू चपला शोधत धावली.

तिसऱ्या दारात पांढऱ्या केसांच्या, नागपूरकडच्या काकू होत्या. मुलाकडे राहतात, मागल्या वर्षी सिटिझन झाल्या. नीलांबरीनं नेहमीचं सगळं सांगितलं.

“छान आहे बाई,” काकू म्हणाल्या, “पण मला काय समजते त्यातलं? मत-बित राहू द्या. चहा घेता का?”

“काकू, नको असेल तर मला द्या!”

आपण बोललो हे रेणूला नंतर कळलं. ती एक पायरी वर आली होती.

काकूंनी तिला न्याहाळलं. “पोरी, ही काय वाटीभर साखर आहे, शेजारणीला द्यायला?”

“नाही ना? मग वाया का घालवता? माझा जीव जळतो हो. हिला हक्क आहे म्हणून जळतो, तुमचा पडून आहे म्हणून जळतो. मी कधीची रांगेत उभी आहे, आणि तुम्ही चहा विचारता!”

काकूंनी दाराची कडी धरली. आता हाकलून देणार, असं रेणूला वाटलं.

“थांबा,” काकू म्हणाल्या. “चष्मा आणते. कुठं जायचं असते ते नीट लिहून द्या मला. मुलाला नाही, मला.”

त्या आत गेल्या. मत्सर काही गेला नव्हता. काल एकीचा होता, आज दोघींचा झाला. पण पायरीवर उभं राहून तो बोलता आला होता, आणि तो कुणाच्या तरी कामी आला होता.

तिच्या दंडावर हलकेच दोन टॅप पडले. तिनं खाली पाहिलं. बोलण्याच्या भरात कधी कोण जाणे, तिनं नीलांबरीचं तेच दुखरं मनगट घट्ट धरलं होतं.

तिनं हात तिथल्या तिथं सोडला.