राखाडी जोड

आमचे हे माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी पायांकडे. बुटांच्या दुकानात जन्म गेला त्यांचा. आमची पहिली भेट झाली तेव्हाही ते सारखे खाली बघत होते. मला वाटलं, काय लाजाळू माणूस आहे. लाजाळू कसले, माझ्या चपलेचा अंगठा उसवला होता, तिकडे लक्ष होतं त्यांचं. लग्न ठरल्यावर सगळ्यात आधी तो शिवून दिला.

बूट विकले की प्रत्येक गिऱ्हाइकाला ते दारापर्यंत पोचवतात आणि ठरलेला विनोद करतात, ‘लवकर झिजवा आणि लवकर या.’ मी हजारदा ऐकला आहे. गिऱ्हाईक हसतं, हेही हसतात, मी डबे आवरते. यंदा मात्र तो विनोद कानावर पडेनासा झाला, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

रस्त्याकडे बघितलं तरी कळत होतं. समोर चपला दुरुस्त करून देणाऱ्याकडे सकाळपासून माणसं उभी असायची, आणि आमच्याकडे आम्ही दोघं माशा मारत बसलेलो. कुणी आलंच तर मुलासाठी, आणि तेही दोन मापं मोठा बूट मागायचे. पुढे कापूस कोंबू म्हणायचे. तरुण मंडळी घालून बघायची, आरशासमोर फिरायची, लेबलाचा फोटो काढायची आणि ‘विचार करून येतो’ म्हणून जायची. दोन दिवसांनी तोच बूट घालून आमच्याच दारावरून जायची. शेजारच्या खेळण्यांच्या दुकानात आधी मोबाइलची कव्हरं आली, मग नुसताच कागद चिकटवलेली काच राहिली. पलीकडच्या ‘सेल, शेवटचे काही दिवस’ या पाटीचा रंग उन्हाने उडाला, पण दिवस काही संपेनात.

आमच्या फळ्या भरलेल्या दिसायच्या, ती माझी करामत. रिकामे डबे मी फेकत नव्हते. झाकण लावून, मापाची चिठ्ठी बाहेर करून वर रचून ठेवायचे. ह्यांना ते आवडायचं नाही. मी म्हटलं, तुम्ही पाय बघा, भिंती मी बघते.

आणि अशात कंपनीच्या साहेबांचा फोन आला. आमच्या दुकानात निम्म्याहून जास्त माल त्या एकाच कंपनीचा. शनिवारी दुपारी येतो, म्हणाले, दुकान कसं चाललंय ते बघतो आणि मग मोसमाचा माल पाठवायचा की नाही ते ठरवू. खेळण्यांच्या दुकानातही असेच कुणीतरी साहेब येऊन गेले होते. मोसमाचा माल आला नाही तर आम्ही विकणार काय, झाकणं?

रिकाम्या दुकानाला कोण माल देईल? तेव्हा दुकान भरलेलं दिसलं पाहिजे, असं मी ठरवलं. ह्यांनी नको नको म्हटलं, मी ऐकलं नाही. माझ्या नणंदेला फोन केला, तिच्या यजमानांना घेऊन ये म्हटलं. धाकट्या दिरांना आणि जाऊबाईंना सांगितलं. मामेसासऱ्यांना त्यांच्या दोन्ही सुना घेऊन बोलावलं. सगळ्यांना बजावलं, आपापसात ओळख दाखवायची नाही, मला वहिनी म्हणायचं नाही, एकदम यायचं नाही, आणि काय वाट्टेल ते झालं तरी वरच्या फळीवरचा डबा मागायचा नाही.

शनिवारी सगळे वेळेवर हजर. एरवी घरच्या कार्याला अर्धा दिवस उशिरा येणारी माणसं ही. साहेब आले तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. साहेब म्हणजे एक किरकोळ, थकलेला माणूस, हातात चपटी बॅग. दाराशीच उभे राहिले आणि बघत राहिले.

दीर उगाचच आरशापुढे टाच वर करून बघत होते. नणंद मला म्हणाली, ‘अहो ताई, यात निळा रंग मिळेल का?’ आणि तिला हसू फुटलं, तिने ते खोकल्यावर नेलं. मामेसासऱ्यांना बसायला जागा हवी होती. कोपऱ्यातल्या स्टुलावर कुणी अनोळखी बाई बसली होती. जाऊबाईंनी आणखी कुणाला तरी आणलं असेल, असं मला वाटलं. मी तिला जरा उठायला सांगितलं आणि मामांना बसवलं. ती बिचारी उठली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

तेवढ्यात नणंदेच्या यजमानांच्या अंगात आलं. बोट वर करून म्हणाले, ‘तो सगळ्यात वरचा काढा बरं, काळा.’ मला त्यांचं बोटच मोडावंसं वाटलं. त्या मापात तो तुम्हाला घट्ट होईल, असं मी म्हटलं. ते म्हणाले, काढा तर खरं. साहेबांनीही वर बघितलं. ह्यांनी शांतपणे खालचा एक भरलेला डबा काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला, आणि ते संकट कसंबसं टळलं.

पण साहेब आता वर बघतच नव्हते. ते खाली बघत होते. बुटांच्या धंद्यातला माणूस, दुसरीकडे कुठे बघणार? मीही त्यांच्या नजरेमागून खाली बघितलं.

नणंदेच्या पायात राखाडी बूट होते. तिच्या यजमानांच्याही. दिरांच्या, जाऊबाईंच्या, मामेसासऱ्यांच्या, दोन्ही सुनांच्या. सगळे एकाच जातीचे, बाजूला तोच जाड पांढरा पट्टा. मागे कंपनीने हा बूट काढला होता आणि आमच्या गळ्यात मारला होता. मऊ होता, पण दिसायला असा की लोक नाक मुरडायचे. एकही जोड विकला गेला नाही. कंपनी परत घेईना, तेव्हा कुणाचा वाढदिवस असो की कुणी परीक्षा पास होवो, आम्ही राखाडी जोड द्यायचो. सगळं गणगोत त्याच बुटांत फिरत होतं. मी साऱ्यांना काय काय बजावलं, पण घालून काय याल हे सांगायचं राहिलं. आणि शनिवारी दुकानात जायचं म्हणून प्रत्येकाने प्रेमाने आमचीच भेट पायात घातली होती.

‘बाई,’ साहेब हळू आवाजात म्हणाले, ‘हे सगळे घरचेच ना?’

हे म्हणाले, ‘हो. ही माझी बहीण. हा धाकटा भाऊ. ते मामा.’

मामा बसल्या जागेवरून नमस्कार करून मोकळे झाले. कुणी हसलं नाही. साहेबही रागावले नाहीत, आणि त्यानेच मला जास्त भीती वाटली.

‘या महिन्यात मी जिथे जिथे गेलो, तिथे दुकान असंच भरलेलं होतं,’ ते म्हणाले. मग त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. ‘त्या बाई मात्र तुमच्या दिसत नाहीत. त्यांना कुणी काही विचारलं का?’

तिच्या पायात झिजलेल्या काळ्या चपला होत्या आणि घोटे सुजलेले होते. इतक्या दिवसांत आलेलं एकच खरं गिऱ्हाईक, आणि मी तिला स्टुलावरून उठवलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ह्यांनी मामांना उठवलं, तिला बसवलं आणि स्वतः तिच्यासमोर खाली बसले. गावात नवं मोठं एसी दुकान निघालंय, तिथे ती काउंटरवर काम करते, म्हणाली. दिवसभर उभं राहावं लागतं, बसायला खुर्चीच देत नाहीत. तिथे तरी गर्दी असेल, असं ह्यांनी विचारलं. कसली गर्दी, ती म्हणाली, लोक गार हवेत फिरतात आणि हात हलवत जातात.

मग ती जरा संकोचून म्हणाली, ‘यांनी सगळ्यांनी घातलेत ते दाखवा ना. एवढी माणसं घालतात म्हणजे पायाला बरे असणार.’

मागे कितीतरी महिने त्या राखाडी बुटांच्या डब्यांनी आमची खोली अडवली होती. ‘संपले,’ हे म्हणाले. आम्ही आयुष्यात त्या बुटांबद्दल हा शब्द वापरू असं मला वाटलं नव्हतं.

‘गोदामात आहेत,’ साहेब म्हणाले. ‘सोमवारी पोचतील.’ त्यांनी तिचं माप विचारून घेतलं. मोसमाच्या मालाचं मी विचारलं, तेव्हा म्हणाले, तेही सोमवारीच कळेल. आणि गेले.

रविवार कसा काढला ते मला विचारू नका. मी रिकामे डबे खाली काढले, पुसले आणि पुन्हा वर ठेवले, दुसरं काही सुचेना. चांगला माणूस होता, असं मी स्वतःला सांगत राहिले. त्या बाईचं माप लिहून घेतलं, म्हणजे मनात काहीतरी असेलच. मी माल ठेवायला खालच्या दोन फळ्या मोकळ्याही करून ठेवल्या.

सोमवारी कंपनीची गाडी आली. हे दारात गेले, मी त्यांच्या मागे. ड्रायव्हरने मागचं दार उघडलं. आत खोकीच खोकी होती. त्याने वाकून एक डबा उचलला, ह्यांच्या हातात दिला आणि दार लावून घेतलं. बाकीचं, मी विचारलं. बाकीचं पुढच्या गावांचं, तो म्हणाला. तुमचं एवढंच आहे.

मला रडू आलं ते मी रस्त्यातच रडले. हे डबा छातीशी धरून उभे राहिले.

संध्याकाळी ती आली. ह्यांनी तिला स्टुलावर बसवलं, राखाडी बूट पायात चढवले, नाड्या बांधल्या, अंगठा कुठवर येतो ते दाबून पाहिलं. ती दुकानात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. पहिल्यांदाच पाय दुखत नाहीत, म्हणाली, आणि पुढच्या वेळी बहिणीलाही घेऊन येते. मी फळ्यांकडे तोंड केलं.

ह्यांनी नेहमीसारखं तिला दारापर्यंत पोचवलं. मी त्या विनोदाची वाट बघत होते. त्यांनी तिच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाले, ‘सावकाश झिजवा.’